वास

सकाळी पावणेसहाला मी चावी फिरवतो
आणि वाडीतले एकोणसत्तर नळ खाकरतात.
वेल्ह्याच्या कागदावर मी जलसुरक्षक.
वाडीत नुसता पाणीवाला लहू.
पगार साडेतीन हजार, तोही कधीतरी.

टाकीच्या शिडीला अकरा पायऱ्या,
आठवी निखळलेली.
पांढरी पावडर बादलीत कालवायची,
निवळू द्यायची,
वरचं निवळ तेवढं टाकीत सोडायचं.
एका दुपारी पंचायत समितीत शिकवलं हे.
जेवणात पुरी-भाजी होती.

मग लोक बोलायला लागले.
चहा फाटतो म्हणाले.
कालवणाला दवाखान्याचा वास मारतो म्हणाले.
कोंडाबाई रेणुसे तर हंडाच घेऊन दारात आली.
"हुंग," म्हणाली, "हुंग की रं,
ह्ये पाणी हाय का फरशी पुसायचं औशिद?"
मी हुंगलं.
दुसऱ्या दिवशी तीन डाव टाकायचे ते दोन टाकले.
कुणी काही बोललं नाही.
मग एक.
मग गणपतीच्या गडबडीत पोतंच भिजलं,
ढेकळं झाली, वास उडून गेला.
वास गेला म्हणजे जीव गेला, मागे पीठ राहिलं,
आणि मी ते पीठ टाकत राहिलो,
शिडी चढून, आठवी पायरी टाळून, नेमानं.
माझ्या वहीत रोजची बरोबरची खूण आहे.

खालच्या आळीजवळ पाइप ओढ्यातून जातो.
तिथला सांधा सुटलेला,
मी सायकलच्या ट्यूबनं आवळलेला.
पाणी चालू असलं की तो बाहेर पाझरतो.
पाणी बंद केलं की आत ओढतो.
पाइपसुद्धा श्वास घेतो
हे मला ठाऊक नव्हतं.
ओढ्यात काय काय असतं
ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं.

पहिली शाळेतली दोन पोरं.
मग शिवणकाम करणाऱ्या मंजुळाचं अख्खं घर.
चौथ्या दिवशी देवळात सतरंज्या,
वाशांना सुतळीनं टांगलेल्या सलाइनच्या बाटल्या.
रात्रभर बांधाकडे बॅटऱ्या पळत होत्या,
आणि कुणी कुणाला ओळख देत नव्हतं.

आशाताई मथुरा पारठे हिनं
नळाचं पाणी एका बारक्या बाटलीत घेतलं.
"ऊब लागते हिला," म्हणाली,
आणि कणगीतल्या भातात रात्रभर पुरून ठेवली.
सकाळी बाटली काळी.
शाईसारखी नाही.
चुलीमागच्या भिंतीसारखी.
मथुरा मला एक शब्द बोलली नाही,
बाटली फक्त हातात दिली.
कोमट होती.

कोंडाबाईचा नवरा, भिकोबा,
पुण्याला नेताना जीपमध्येच गेला.
शेवटी पाणी पाणी करत होता, ड्रायव्हर सांगतो.
डाव्या खिडकीत धरण. काठोकाठ.

साहेब आले, लाल कार्ड देऊन गेले.
त्यांनी माझी वही चाळली, खुणा मोजल्या,
म्हणाले, वही व्यवस्थित ठेवली आहे.
मग टँकर आला.
आमच्याच डोंगरातलं पाणी,
शहरात जाऊन शहाणं होऊन परत आलेलं.
बायकांनी ते तीन तीन फडक्यांतून गाळलं.

आता सांधा नवा आहे. पोतं फळीवर ठेवतो.
तीन म्हणजे तीन डाव.
आठवी पायरी अजून तशीच.

तेराव्यानंतर कोंडाबाई नळावर आली.
हंडा भरला, वाकली, नाक खाली नेलं.
रांगेतल्या बायका गप्प.
"आज कमी येतोय," म्हणाली.
"टाकलंस नव्हं?"
मला बोलता येईना.
मी हात पुढे केला,
आणि तिनं माझी बोटं हुंगली,
एकेक,
मग चुंबळ नीट केली आणि हंडा उचलला.